खेपा

एकोणीस वर्षं मी टेकड्या उचलून खोऱ्यात ओतल्या.
कंपालाला टेकड्यांची वाण नाही.
लाल मुरूम, डिझेल मालकाचं, पाठदुखी माझी.
खाली पपायरस उभा असायचा, माणसाहून उंच,
लव्हाळ्याच्या भाऊबंदातला, झिंज्या मोकळ्या सोडलेला.
मी ट्रक मागं घ्यायचो, हौदा उचलायचो
आणि आवाज यायचा,
तोंडात घास असताना कुणी बोलू पाहावं
तसा.

पहिल्या खेपेला वाईट वाटलं होतं.
खोटं कशाला बोलू, दुसऱ्या खेपेला नाही.

आमच्या कुळाचं देवक मांबा.
साप नव्हे, मासा. चिखलातला.
त्याला फुप्फुसं असतात; पाणी आटलं
की अंगाभोवती कोष करून
तो झोपून राहतो, पाणी परत येईपर्यंत.
आम्ही तो खात नाही.
कुणी पानात वाढलाच तर उठून जावं,
आत्यानं शिकवलं होतं.
त्याला गाडू नये, असं मात्र
तिला सांगावंसं वाटलं नसेल.

बुकिर्वानं, माझ्या पाठच्या बहिणीनं,
माझ्याच मुरमावर खोली बांधली.
पक्की जागा आहे, मीच म्हणालो,
मी स्वतः टाकलीय.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, रात्री दीडला
पाणी दार न वाजवता आत आलं.
त्याच्याच अंथरुणावर आम्ही झोपलो होतो.
शिलाई मशीन टेबलावर, टेबल पलंगावर,
पोर कपाटावर, आणि कपाट डुलायला लागलेलं.
सकाळी भिंतीवर एक रेघ उरली.
बुकिर्वा रडली नाही. तिनं शिवणाची टेप आणली,
रेघ मोजली. एकशे बारा.
मग म्हणाली, दादा,
तुझ्या एकूण खेपा किती झाल्या रे?

आता मला पुन्हा बोलावलंय.
ट्रक तोच. मुरूमही तोच. जाताना रिकामा, येताना भरलेला.
नाकाबुगो नावाची इंजिनियर पोरगी,
गमबुटात चिखल, कानामागं पेन्सिल,
नकाशावर घरांच्या जागी हिरवं रंगवत असते.
पाणी इथं बसेल, म्हणते, दम घेईल,
मग सावकाश सरोवराकडे जाईल.
मी विचारलं, भराव काढल्यावर खड्ड्यात काय टाकायचं?
काही नाही, म्हणाली.
इतक्या वर्षांत हे उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

वरच्या अंगाची गोदामं मात्र जागच्या जागी.
त्यांच्या भिंतींना नोटीस चिकटत नाही;
बुकिर्वाच्या भिंतीला चिकटली, त्या रेघेच्या जरा वर.
टेकडीवर भाड्याची खोली मिळाली तिला,
गिऱ्हाइकं खालीच राहिली.
मी गेलो की चहा करते.
साखर किती, ते विचारत नाही हल्ली.

खोऱ्यातल्या बायका गुडघाभर चिखलात
पपायरसचे कंद रोवतात, दोन पावलांवर एक,
कडेला अळकुड्या, त्या त्यांच्या स्वतःच्या, बिनहुकमाच्या.
परवाच्या पावसात पाणी आलं, येऊन थबकलं.
बाजारच्या रस्त्यावर घोट्यापर्यंतच होतं.
मोटारसायकलवाल्यांनी शिव्या दिल्या, पण चालू गाडीवरून.

गुरुवारी ओल्या काठाचा चिखल हौद्यात पडला
आणि त्यात काहीतरी वळवळलं.
मी इंजिन बंद केलं.
पोरं पोतं घेऊन धावली; बाजारात चांगला भाव येतो त्याला.
एकाच्या हातून मी तो विकत घेतला,
घासाघीस न करता. पोरं हसली.
नव्या पाण्यात सोडला.
त्यानं मागं वळून पाहिलं वगैरे काही नाही,
तोंड खुपसलं आणि दिसेनासा झाला.

रात्री बुकिर्वाला फोन केला.
ती बराच वेळ गप्प होती.
मग विचारलं, केवढा होता?
माझ्याकडे टेप नव्हती.
हातभर, म्हणालो,
आणि फोन ठेवल्यावरही
ट्रकच्या काळोखात
तेवढा हात लांब करून बसून राहिलो.