तोनेच्या तोंडाशी

कुताइसीत, रिओनी नदीच्या पुलापलीकडे
सासऱ्यांची बेकरी माझ्याकडे आली,
तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक वहीही आली.
तिच्यात करपलेल्या पावांची नोंद होती,
प्रत्येक पावापुढे एका माणसाचं नाव.
पगार कुठेच नाही. नुसती वजाबाकी.

मी ती वही पुढे चालवली.
खोटं कशाला बोलू,
अक्षरसुद्धा सासऱ्यांसारखं काढलं.

बेसिकला कामावर ठेवलं त्या सकाळी
म्हणाले होते, "पैशांचं बघू रे, घरचंच आहे."
घरचंच आहे!
पीठवाल्याला हे सांगून बघायला हवं होतं एकदा.

पुढे बेसिकला नऊशे लारी, मकवालाला सातशे.
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
कारण मात्र मनात घडी घालून ठेवलेलं:
त्याला तीन मुलं, तिला एकटी आई.
मी पोरं मोजून पगार ठरवला.
पाव मोजायचं सुचलंच नाही.

मकवाला पहाटे चारला यायची.
द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांनी तोने पेटवायची,
मग त्या तापल्या मातीच्या रांजणात
कमरेपासून वरची सगळी आत वाकायची,
होडीसारखा लांबट शोती भिंतीवर थापायची
आणि श्वास घ्यायला बाहेर.
दिवसातून दोनशे ऐंशी वेळा.
आकडा नंतरचा आहे.
तेव्हा मी फक्त करपलेले मोजत होते.

फेब्रुवारीत तिचा हात कोपरापर्यंत भाजला.
मी वहीत लिहिलं: तीन खाडे.
चौथ्या दिवशी बेसिक भावाच्या लग्नाला झेस्ताफोनीला,
आणि दारात गिऱ्हाईक.
मग मीच वाकले.
पापण्यांचे केस गेले, त्याचा वास अजून आठवतो.
नववा पाव हातातून सुटून निखाऱ्यांत पडला,
आकडा टाकून काढायला गेले तर दहावाही गेला.
संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस करपले.
माझ्यातून कुणी काही वजा केलं नाही.

त्या रात्री तिच्या घरी गेले, सातवा मजला.
तिथल्या लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं.
माझ्याकडे होतं, मी टाकलं.
वर पोचल्यावर कळलं, मकवाला रोज जिना चढते.

तिने चहा ठेवला, एका हाताने.
मी म्हटलं, बेसिकला नऊशे देते मी.
ती म्हणाली, "ठाऊक आहे. पहिल्या महिन्यापासून.
तुम्ही कधी सांगताय, ते बघत होते."
आतल्या खोलीत तिची आई खोकली.
साखर घ्यायची की नाही, मला ठरवता येईना.

चौदा महिन्यांचे दोन-दोनशे,
अठ्ठावीसशे लारी.
एकदम नव्हते, चार हप्ते मागितले.
तिने विचार करते म्हटलं. दोन दिवस केला.
भाजल्याचे तीन दिवस भरपगारी धरले,
औषधाची पावती मागून घेतली.
बेसिक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.
त्याचं काही कमी झालं नव्हतं,
पण वेगळेपण गेलं होतं, तेही जड जातं माणसाला.

गेल्या महिन्यात उचा नावाचा पोरगा आला, एकोणीस वर्षांचा.
आधी आकडा सांगितला, मग वेळ, मग रविवारची सुट्टी,
मग पीठ मळणं दाखवलं.
तो म्हणाला, "आणि करपला तर?"
"तर नऊ वाजता चीज लावून सगळे खाऊ."
त्याला ती थट्टा वाटली.
वाटू दे, नऊ वाजतीलच.

वही जाळलेली नाही.
मागच्या कोऱ्या पानांवर आता पगार लिहिते, सगळ्यांचा, उघडा.
पान उलटलं की आधीची शाई
पलीकडून उमटलेली दिसते.

महिनाअखेरीस मकवाला माझ्यासमोर नोटा मोजते.
एकदा. मग बोट ओलं करून पुन्हा.
तिचं होईपर्यंत
मी उभी राहते.