उजव्या हातात

आकडे नको विचारूस, पोरी.
आकड्यांत ती सापडायची नाही.
त्या फायनलच्या स्कोअरशीटवर तिच्या नावापुढे
चारच गुण आहेत, तेही फ्री थ्रोचे.

ग्लॅडिस तुस्कानो. पाच फूट एक.
वसईची. नागपाड्याच्या या सिमेंटवर
आमच्या आधी हजर,
बुटांच्या नाड्या दोनदा बांधणारी.

खेळायचा पगार मिळायचा आम्हाला,
छातीवर कंपनीचं नाव, सात तारखेला सही.
मी सहा फूट. गल्लीत मला शिडी म्हणत.
बास्केटखाली उभं राहायचं, उडी मारायची,
हे माझं काम.
आणि पॉइंट गार्डचं?
मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

ती चेंडूकडे बघायचीच नाही.
चेंडू तिच्या तळव्याखाली चालायचा
ओळखीच्या कुत्र्यासारखा, दोरीवाचून.
डोळे आमच्यावर.
शबिस्ताचं काल घरी वाजलंय,
तिला आज लवकर एक सोपा बास्केट हवा.
वृंदा दमली की डावीकडे कलते.
आणि माझा डावा गुडघा,
जो मी डॉक्टरलाही सांगितला नव्हता:
त्या आठवड्यापासून प्रत्येक पास
माझ्या उजव्या हातात येऊ लागला.
विचारलं, तर म्हणाली,
"जिना उतरताना कठडा धरतेस तू."

मग ती फायनल.
एका गुणाने मागे. सात सेकंद.
भिंतीवर चढलेली पोरं, पलीकडून कबाबाचा धूर,
मर्झबान सर घसा फोडून ओरडतायत, तूच मार, तूच!
तिला वाटही होती.
मी ओळीने चार चुकवलेले.
खांद्यात मान घालून उभी,
जणू मी त्या मॅचमध्ये नव्हतेच.

आणि चेंडू आला.
माझ्या आधी माझ्या हाताला कळलं.

चुकला.
रिंगवर दोनदा वाजून बाहेर पडला.

सरांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, डोकं कुठे होतं?
"ती मोकळी होती," ग्लॅडिस म्हणाली
आणि मोजे काढायला लागली.

सोमवारी पहाटे सराव.
रस्त्यावरचे दिवे अजून विझले नव्हते.
मी लांबच्या कोपऱ्यात, मुद्दाम पाठमोरी.
शिट्टी झाली, आणि कुणीतरी माझं नाव घेतलं.
वळले तोवर
दिवसाचा पहिला चेंडू उजव्या हातात.
जोरात. थोडा रागाने सुद्धा, असं मला आजही वाटतं.

तीस वर्षं झाली.
तुझे काल अठ्ठावीस गुण झाले म्हणतेस,
टाळ्या मीही वाजवल्या.
मार, आणखी मार.
नाही, थांब. आधी मान वर कर.
त्या टाकीपाशी ती नवी मुलगी उभी आहे,
आठवडाभर येतेय, अजून चेंडू मागितला नाही तिने.

नाव काय तिचं?