लेव्हल

कुडचड्यात टायरच्या दुकानावर आमचा स्टुडिओ.
खालून ट्रक गेला की
उमेदवारांच्या पाण्याच्या ग्लासात वलयं उठतात.
मी आवाजाचा माणूस. एकवीस वर्षं
लोकांच्या कॉलरला माइक लावतोय.
छातीच्या इतक्या जवळ जातो माझा हात
की कोण घाबरलंय ते मला
मतदारांच्या आधी कळतं.

आज तिघं होते.
रोहिदास धारगळकर मेकअपच्या खुर्चीत
राग पाठ करत बसलेले.
“हे मी खपवून घेणार नाही.” बोट वर.
“हे मी खपवून घेणार नाही.” बोट, आणि मग टेबल.
सल्लागार पोरगा म्हणाला, टेबल नको सर,
माइक फुटतो. मांडीवर मारा.
मारून पाहिलं. मला विचारलं, “ऐकू येतं काय रे?”
म्हटलं, येतं. मच्छर मारल्यासारखं.

डॉक्टर आंजेलो कुलासो शांत.
इतके शांत की सुई हलेना.
पेशंटपुढे मी आवाज चढवत नाही, म्हणाले.
म्हटलं, जरा पुढे सरका डॉक्टर,
पेशंट अठ्ठावीस हजार आहेत
आणि झोपेला आलेत.

आणि शेवंती गावकर. अंगणवाडीवाली.
साडीला कॉलर नसते, पदराला क्लिप लावली.
“भाऊ, मला राग लवकर येतो.
सगळे सांगतात, टीव्हीवर येऊ देऊ नको.
बाप्याचा राग म्हणजे नेता,
बाईचा म्हणजे नळावरचं भांडण.
तू सांग.”
मी काय सांगणार?
म्हटलं, एक ते दहा मोजा, लेव्हल घेतो.
तिनं मोजले.
सातावर आवाज जरासा फाटला.

आमच्याकडे एक डबा आहे, कंप्रेसर.
ओरडणाऱ्याला तो खाली दाबतो,
कुजबुजणाऱ्याला वर उचलतो.
तुमच्या सोफ्यापर्यंत सगळं एकाच उंचीचं पोचतं:
संताप, सर्दी, बजेट.
आणि तुम्ही रिमोट हातात धरून ठरवता
कोण खरं पेटलं.

नऊला सुरू.
धारगळकर गरजले. मांडी. डब्यानं दाबलं.
डॉक्टरांनी आकडे दिले. डब्यानं उचललं.
मग अँकर गोड हसून:
“ताई, तुमच्या गावच्या विहिरी आटल्या, ठीक,
पण तुम्ही एवढ्या चिडता का?”

ती गप्प.
टीव्हीवर चार सेकंद म्हणजे
मयताच्या घरी बसल्यासारखं.
डब्याला उचलायला काही सापडेना
म्हणून त्यानं तिचा श्वास उचलला.
आत, अडखळत, बाहेर.
त्यामागे एक बांगडी.
त्यामागे खालचा ट्रक,
पहिल्या गिअरमध्ये, खनिजानं भरलेला.
कानात डायरेक्टर: “आरे बाबुसो, माइक मेला काय तिचा?
म्युझिक मार!”
बोट बटणावर होतं.
नाही मारलं.
उद्या मालकाला काय सांगायचं, ठरलेलं नाही.

मग तिनं विहिरींची नावं घेतली. नुसती नावं.
देवाची बांय. वयली बांय. पिंपळाकडची.
शाळेमागची, जिच्यात आता पोरं क्रिकेटचा बॉल शोधतात.
शेवटच्या नावाला हात टेबलावर आपटला,
सुई लाल, कानात काच फुटल्यासारखं,
आणि डब्यानं, त्याचं कामच ते,
हळूच खाली आणलं.

घरोघरी किती पोचलं, माहीत नाही.
मूळ किती होतं
ते ह्या कुडचड्यात मला एकट्याला माहीत.

क्लिप काढताना विचारलं तिनं, “जास्त झालं?”
मी वायर गुंडाळत होतो.
म्हटलं, लेव्हल बरोबर होती.

घरी बायको ताट वाढत म्हणाली,
“ती बाई उगाच तापली, नाही?
तो धारगळकर बरा. ठाम बोलतो.
मच्छर फार आहेत वाटतं तुमच्याकडे.”
हुमणात मीठ चढं झालं होतं.
बोललो नाही.