बिस्किटांच्या डब्यात सदतीस

निशमध्ये डिसेंबरचा कोशावा
खिडकीच्या फटीतून शीळ घालतो
आणि माझ्या टेबलावर
चारशे व्होल्ट जागे असतात.

दोन स्विच. एक वर, एक खाली.
त्यांच्यामधून वाहते
प्रबंधाची चार वर्षं
आणि अजून न बनलेल्या एका बसची मोटर.
नियम एकच:
दोघांनी एका वेळी डोळे उघडायचे नाहीत.
वरचा मिटेल,
मग अठ्ठावीस नॅनोसेकंद कुणीच नाही,
मग खालचा.
या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात ना,
तसं.

या अठ्ठावीसला पुस्तकात मृत वेळ म्हणतात.
मला नाव पटत नाही.
जे काही जगतं ते त्याच्याच जिवावर.

पहिला स्विच सप्टेंबरात दिवसभर चालला.
पण पडद्यावर लाट थयथयत होती,
प्रत्येक उघडझापीला वर नव्वद व्होल्ट.
मला ते चित्र बघवेना.
गेटचा रेझिस्टर वाढवला. पाच ओहम. दहा. बावीस.
लाट जराशी नरमायची,
आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला
फट्,
एक तिखट काळा वास,
सिलिकॉन कार्बाइडचा आणखी एक तुकडा
बिस्किटांच्या डब्यात.
झाकणावर निळ्या फ्रॉकमधली मुलगी
अजून हसतेच आहे.

रादोये गुरुवारी येतो, सोल्डरिंगला.
एकतीस वर्षं त्याने ट्रान्झिस्टर तपासले
ज्या कारखान्यात, तिथे आता गाद्या विकतात.
आधी बुरेक संपवतो,
वर्तमानपत्राला एकेक बोट पुसतो,
मगच जवळ येतो.
त्याने सर्किटकडे पाहिलंच नाही.
माझ्या प्रोबकडे बोट केलं:
"ल्युबिंका, ही शेपटी कुणाची?"

ग्राउंडची वायर. पंधरा सेंटिमीटर.
टोकाला मगरीचा चिमटा.

त्याने ती काढली.
उघड्या तारेचा एक तुकडा
प्रोबच्या टोकाला गुंडाळला, सुईला दोरा गुंडाळावा तसा,
आणि अर्ध्या बोटावरच्या ग्राउंडला टेकवला.

नव्वदचे अकरा झाले.

तीन महिने मी पाहत होते
माझ्याच पाहण्याची थरथर.
सर्किटच्या डोळ्यातलं कुसळ काढायला बसले होते,
मुसळ माझ्या हातात,
काळ्या प्लॅस्टिकचं, हमीपत्रासह.

मग सदतीस कशाने गेले?
मी विचारलं नाही.
उत्तर दाराशी येऊन चपला काढत होतं.
रेझिस्टर वाढला की वरचा सावकाश मिटतो.
बावीस ओहमला इतका सावकाश
की अठ्ठावीसातला एकही उरत नाही;
खालचा उघडतो तेव्हा
वरचा अजून किलकिला,
आणि चारशे व्होल्ट, वाटेत काहीच काम नसलेले,
सरळ खाली उतरतात.

नसलेल्या आजाराचं औषध.
मीच पाजलं. मापून. दर वेळी थोडं जास्त.

रादोयेने डबा उघडला,
एक उचलून दिव्याकडे धरला,
पाठीवरचा नंबर वाचला.
"चांगली बॅच होती," म्हणाला
आणि परत ठेवला.

संध्याकाळी २.२ ओहम, सप्टेंबरातलाच.
दहा मिनिटं. वीस.
पहारेकरी स्वेतोझार किल्ल्या वाजवून गेला,
पुन्हा आला, दारात उभा राहिला, काय चाललंय विचारलं.
काही नाही, म्हटलं. काही होत नाहीये.
त्याला वाटलं मी निराश आहे.

अडतिसावा अजून चालतो आहे.
निबंधात गेट रेझिस्टरला अर्धी ओळ मिळाली.
प्राध्यापकबाई म्हणतात, मोजमापाचा भाग गाळ,
असलं कुणी लिहीत नाही.
मी बाकी बरंच गाळलं.
एक फोटो ठेवला आहे,
चिमट्यासकट, वायर ताणून सरळ केलेली,
शेजारी मोजपट्टी.

आकृती तीन: शेपटी.