मापांची वही

वही माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती.
मशीन भाचीनं नेलं. कात्री कुणी नेली ते कळलंच नाही.
लाल कापडी पुठ्ठा, शिवणीतून सुटलेली पानं,
आणि आत वेंगुर्ल्याच्या बायका,
इंचांमध्ये.

आपोलीन डिमेलो. गाव तिला मेस्त्रीण म्हणायचं,
आणि मेस्त्री तिचा नवरा नव्हता, तीच होती.
बंदराच्या वाटेवर, मिठाच्या गुदामाला लागून
एक खोली, एक पायमशीन,
आणि आठवीत गचकलेली मी, हुकं लावायला.

तिचा भाऊ बोटीवर बटलर.
वर्षातून एकदा उतरायचा साबणाच्या वड्या घेऊन,
आणि मासिकं, परक्या भाषेतली, गुळगुळीत.
तिला त्यातलं अक्षर लागत नव्हतं.
ती पान खिडकीपाशी उलटं धरायची नि म्हणायची,
हिच्या तोंडाकडे बघू नको गे,
काखेत बघ. कापड कुठे वळवलंय ते बघ.
मग जुनी वर्तमानपत्रं काढायची.
मंत्र्याच्या भाषणातून बाही निघायची,
तांदळाच्या भावातून गळा.

अठ्ठावन्न साली डॉक्टरीणबाईंनी बिनबाह्यांचा ब्लाऊज शिवून घेतला.
रविवारी पाद्री बोलले, सोमवारी शाळेत हेडमास्तर.
दोघांचं एकमेकांशी कधी जमलं नव्हतं, त्या आठवड्यात जमलं.
मंगळवारी सकाळी आमच्या पायरीवर सात बायका,
मापाला.

अजून कुणी भेटलं की त्या बाह्यांचंच काढतात.
फुग्यांचं काढतात, नावेच्या गळ्याचं,
मास्तरणीच्या पाठीवरच्या त्या एका बटणाचं,
ज्याच्यावरून म्हणे एक लग्न मोडलं (मोडलं नव्हतं, लांबलं).

मी एक्केचाळिसावं पान उघडते.

तानू कुबल, उभादांडा.
छाती चौतीस. दंड साडेअकरा.
डावा खांदा पाऊण इंच वर.

तीस वर्षं पाटी डोक्यावर आणि डावा हात पाटीला,
हात खाली आला, खांदा तिथेच राहिला.
मेस्त्रिणीनं टेप गळ्यात टाकला, दोनदा तिच्याभोवती फिरली,
आणि दोन बाजूंचे दोन वेगळे कागद कापले.
ब्लाऊज घालून तानू आरशापुढे उभी राहिली
आणि आरशाला म्हणाली, सरळ दिसतंय मी.
बांगड्यांचा वास खोलीभर. आम्ही कुणी बोललो नाही.

मग ती हळूच म्हणाली, माका एक खिसो व्हयो.
आतल्या अंगान.
घोवाचो हात पोचाचो नाय, असो.

मेस्त्रिणीनं का म्हणून विचारलं नाही.
खडूनं खूण केली डाव्या बाजूला, काखेच्या खाली,
जिथे बाईचा स्वतःचा हात न बघता जातो.
वहीत तिच्या अक्षरात आहे,
शिलाई दीड रुपया. खिसा फुकट.

पान बेचाळीस, खिसा. त्रेचाळीस, खिसा.
पावसाळा लागेपर्यंत दाभोसवाड्यापासून शिरोड्यापर्यंत
बाजाराच्या बायका आतून बदलल्या होत्या,
आणि पाद्रींना काही दिसलं नाही, हेडमास्तरांनाही नाही.
एका दारुड्यानं मात्र दारात येऊन शिव्या दिल्या.
तिनं मशीन थांबवलं नाही.

माझं माप या वहीत नाही. ते तिला पाठ होतं.

शेवटच्या आजारात तिनं वहीचं शेवटचं पान काढून दाखवलं.
पांढरं पॉपलीन. बाह्या मनगटापर्यंत.
छाती खोडून दोनदा लिहिलेली,
ती बारीक होत गेली तसतशी.
खाली, खिसा एक.

मी रात्री बसून शिवलं, दिवा जवळ ओढून.
खिसा कशाला ते तिनं लिहिलं नव्हतं,
मीही विचारलं नाही.
लावला, आतून, डाव्या बाजूला.