हापशी

नववी ब च्या हजेरीत ती बाविसावी.
लच्छमा टेकाम, कोलामपोड.
जूनपासून फेब्रुवारीपर्यंत 'हजर' एवढा एकच शब्द,
तोही खिडकीकडं पाहून.

आम्ही म्हणायचो, मुकी आहे.
मी म्हणायचो. आम्ही कशाला.

घोरपडे सर साताऱ्याकडचे.
श्रुतलेखनात आमच्या 'पानी'भोवती लाल गोल काढत:
"ण! बाणाचा ण!"
अख्खा वर्ग त्या एका अक्षरात अडकलेला,
फक्त तांड्यावरच्या धानी आडेचं बरोबर यायचं.
तिच्या घरी पाणीच म्हणतात.
तिला वाटायचं, चुकून आलं.

शाळेची हापशी जड.
एकानं दांड्याला लोंबकळायचं, दुसऱ्यानं ओंजळ धरायची,
मग अदलाबदल.
कोण कोणासाठी दाबतो
यावरून गावाचा नकाशा काढता आला असता:
बाजारओळ बाजारओळीसाठी,
तांडा तांड्यासाठी,
गोंडपुरा गोंडपुऱ्यासाठी.
पोडावरून येणारी ती एकटीच.

मार्चात, चाचणीच्या दिवशी,
मोहाचा वास मैदानापर्यंत आला होता.
ती दांडा दाबायची, धावत तोटीपाशी यायची,
तोवर धार संपलेली.
पुन्हा दांडा. पुन्हा धाव.
मी मोजलं. अकरा वेळा.
मोजताना हसत होतो.

लिंगू कुळमेथे उठला, डबा अर्धा सोडून.
दांड्याला लोंबकळला, म्हणाला,
"येर."
ती थांबली. धार वाहून चालली होती.
"ईर," ती म्हणाली.
"येर."
"ईर!"
आम्हाला वाटलं, भांडतात.
पण ती हसत होती, तोंड धारेत, वेणी भिजलेली.
"आपलाच शबद हाये बे," लिंगू ओरडला,
"जरासा वाकडा, मावसभावावानी!"

त्यानंतर कोण कोणासाठी दाबतो
याचा हिशेब बिघडला.
सुधारला म्हणणार नाही.
निमकरांच्या प्रणोतीला तिची बाटलीच लागायची,
आणि मी चैत्र लागेस्तोवर तहानलेला राहिलो,
लच्छमासमोर ओंजळ धरायची लाज वाटून.
शेवटी तीच दांड्यावर चढली.
म्हणाली,
"मोजू नको. पी."

एकदा सर आले, डोक्यावर ओला रुमाल.
धानीनं दांडा वरच धरून ठेवला.
"काय पायजे, सर?"
"पाणी."
"थे नाई समजत मले."
सर घाम पुसत आमच्याकडं पाहत राहिले.
मग हळूच,
जणू स्वतःच्याच वहीत लाल गोल काढत:
"...पानी?"

धार आली.

आता तिथं निळी टाकी, फिल्टरची तोटी.
बटण दाबलं की एकट्यालाही पिता येतं.
दांड्याला पोट्टे सायकली टेकवतात.