अडतीस वॅट

दीपेशने सुरतहून पाठवलेलं यंत्र
काडेपेटीएवढं.
मेन स्विचच्या वायरीला चिमट्यासारखं धरून बसतं
आणि घर किती वीज पितं ते मोबाइलवर सांगतं,
दर दहा सेकंदांनी, न विचारता.
"मम्मी, बिल निम्म्यावर आण."
मी बिबड्या मोजून वाळत घातल्या,
गॅसची टाकी किती दिवस गेली ते कॅलेंडरवर लिहिलं,
मला हा मोजायला शिकवतो.

कूलर, एकशे सत्तर.
मिक्सरमध्ये दाण्याची चटणी, चारशेवर उडी, लगेच खाली.
इस्त्री तर हजाराच्या आत बोलतच नाही.
आठवडाभरात घराचा आवाज मला आकड्यांतून ऐकू यायला लागला.

मग मे महिन्यातल्या एका रात्री ठरवलं,
घर शून्यावर आणून बघू.
अमळनेरात रात्री दहाला भिंतीला पाठ टेकवत नाही,
तरी कूलर बंद केला, पंखा बंद केला.
फ्रिजची पिन काढली, दूध पाण्याच्या परातीत ठेवलं.
टीव्हीचा लाल ठिपकाही विझवला.
चव्वेचाळीस.
त्यातले सहा वायफायचे,
ते हवेतच, नाहीतर हे सांगणार कोण?
उरले अडतीस.

अडतीस कुणाचे?
देवघरामागे पाहिलं, न्हाणीत पाहिलं,
माळ्यावर टॉर्च मारली, तिथे नुसता पाळणा.
घामाने मोबाइल हातातून सटकत होता.
अकरा चाळीसला ते अडतीस आपोआप गेले.
सव्वातीनला परत आले.
म्हणजे ती वस्तू नव्हती.
माणूस होतं.

गच्चीवर गेले.
भिंतीपलीकडे शेवग्याच्या पानांवर
पांढरा उजेड.

कोकिळा.
माझी जाऊ.
वाटणीत घर वाटलं, ओटा वाटला,
तांब्याचं घंगाळ त्यांच्याकडे, पाटा आमच्याकडे,
एका पोतीवरून बोलणं बंद झालं त्याला अकरा वर्षं.
तिचं मीटर वेगळं, पाटी वेगळी.
जुन्या स्वयंपाकघरातली एक ट्यूब तेवढी
भिंतीच्या पोटातून आमच्यावरच राहिली.
एक वायर वाटायची विसरली.

हिशेब केला. अकरा वर्षांचा, रोज एवढे तास.
खाली रेघ मारली,
कागद पिठाच्या डब्याखाली सारला.
वायर तोडायला पक्कड पुरते.
मी पक्कड काढली, आणि तिने नारळाची शेंडी सोलली.

त्यानंतर रोज रात्री बघत होते.
नऊला लागते, पावणेबाराला जाते,
पहाटे परत.
एका शनिवारी लागलीच नाही.
दहा, अकरा, एक.
मी उशीखालून दहादा मोबाइल काढला.
सव्वाचारला आकडा उडाला,
तेव्हा कुठे माझा डोळा लागला.

सोमवारी बाजारातून नऊ वॅटचा दिवा आणला,
होल्डरही आणला.
तिच्या दारात उभी राहिले, म्हटलं,
कंपनीने फुकट दिलेत, दोन आले.
तिने पिशवी घेतली.
बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

त्या रात्री नऊ.
मी दीपेशला कळवायला बोट उचललं,
तेवढ्यात पुन्हा अडतीस.

सकाळी धुणं वाळत घालताना
भिंतीवरून आवाज आला,
अकरा वर्षांनी, थोडा जाड झालेला:
"त्या दिवामा सुईनं नेढं दिसत नही वं."

तर शिवत बसते ही.
काय शिवते, ते यंत्र सांगत नाही,
मीही विचारलं नाही.
लांब पट्टीचा दिवा आणला, अठराचा.
बसवायला स्टूल मी धरलं,
वर तीच चढली, मला चढू देईना.

महिनाअखेर दीपेशचा फोन.
"मम्मी, भारी! बिल खूप उतरलं.
पण रात्रीचे ते अठरा वॅट कसले गं?
शोध ना."
म्हटलं, शोधलं बाळा.
फ्रिज जुना आहे.